शीर, नीला आणि रोहिणी : दक्षिण कोकणातील रक्तमोक्षणाच्या परंपरा आणि बाहूची शिरारचना

मराठी बोलीत 'शीर' हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. मान लचकली म्हणजे शीर आखडते, कमरेतून पायाकडे कळ गेली म्हणजे शीर दबते, संतापलेल्या माणसाच्या कपाळावर शीर उठते, आणि दवाखान्यात सुई वाया गेली म्हणजे शीर सापडत नाही. कंडरा, मज्जातंतू आणि रक्तवाहिनी या तीन सर्वस्वी भिन्न वस्तूंना बोलीने अशा रीतीने एकच नाव दिले आहे. बोलण्याच्या व्यवहारात त्याने काही बिघडत नाही. परंतु कोपराच्या आतील खळग्यात या तिन्ही वस्तू एकमेकींपासून बोटभर अंतरावर असतात, आणि तेथे शस्त्र किंवा सुई चालविणाऱ्याला त्यांतील भेद न कळला तर पुष्कळच बिघडते.

ग्रंथभाषेने या संदिग्धतेवर 'नीला' आणि 'रोहिणी' ही जोडी योजली. हृदयाकडे रक्त आणणारी ती नीला व हृदयाकडून नेणारी ती रोहिणी, हा अर्थ शालेय पुस्तकांमुळे सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. मात्र हे शब्द मुळात या अर्थाचे नव्हेत. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील सातव्या अध्यायात सातशे सिरांचे चार वर्ग केले आहेत : वात वाहणाऱ्या त्या अरुणा, पित्त वाहणाऱ्या त्या नीला, कफ वाहणाऱ्या त्या गौरी आणि रक्त वाहणाऱ्या त्या रोहिणी, प्रत्येक वर्गात एकशे पंचाहत्तर. रक्ताभिसरणाची कल्पना तेथे नाही. वर्गीकरण दोषांवरून व वर्णावरून केलेले आहे. आधुनिक परिभाषेने त्या चारांतील दोन नावे उचलली, त्यांचा अर्थ बदलला आणि उरलेली दोन सोडून दिली. जुनी संज्ञा नव्या शास्त्रात येताना तिच्या मागचे जग मागेच राहते, याचे हे चांगले उदाहरण होय. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातून एक प्रश्न निघतो. नावे इतकी बदलली, वर्गीकरणे इतकी पालटली, तरी बाहूतील शीर नेमकी कोठे सापडते आणि कोठे फसविते याचे ज्ञान कोणी, कसे आणि किती किंमत देऊन जमविले?

या प्रश्नाचा विचार करण्यास दक्षिण कोकणाचा टापू सोयीचा आहे. कुडाळ तालुक्यातील वालावल हे कर्ली नदीकाठचे गाव लक्ष्मीनारायणाच्या देवालयामुळे व त्यालगतच्या तळ्यामुळे प्रसिद्ध आहे. वालावलकर या आडनावाबरोबर गावाचे नाव दूरवर गेले असून रत्नागिरी जिल्ह्यातील डेरवण येथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या नावातही ते आढळते. रक्तमोक्षणाच्या इतिहासात या गावाचे असे स्वतंत्र प्रकरण नाही. परंतु त्याची जागा लक्षात घेण्याजोगी आहे. कुडाळ प्रांत सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत विजापूरच्या अंमलाखाली होता; पुढे तो शिवाजीमहाराजांच्या व नंतर वाडीकर सावंतांच्या सत्तेखाली आला. दक्षिणेस गोव्यात १५१० पासून पोर्तुगीज होते. त्यामुळे शीर तोडून रक्त काढण्याच्या तीन परंपरा, म्हणजे संस्कृत ग्रंथांवर चालणाऱ्या वैद्यांची, विजापूर दरबाराच्या आश्रयाने वाढलेल्या हकिमांची आणि गोव्याच्या इस्पितळातील फिरंगी शस्त्रवैद्यांची, या किनाऱ्याच्या आसपास एकमेकींच्या शेजारी नांदत होत्या. तुंबडी लावणारे वैदू आणि जळवा लावणारे लोक निराळेच. त्यांचे काम त्वचेपुरते असल्याने शिरारचनेशी त्यांचा संबंध थोडा येई.

यांपैकी पहिल्या परंपरेचा विचार विस्ताराने करणे अवश्य आहे. सुश्रुताच्या शारीरस्थानातील सातवा अध्याय शिरांची गणना सांगतो आणि आठवा त्यांच्या वेधाचा विधी. सातव्यातील आकडे फार नेटके आहेत. चार शाखांत चारशे, मध्यशरीरात एकशे छत्तीस, मानेच्या वर एकशे चौसष्ट. त्यांपैकी अठ्ठ्याण्णव अवेध्य, म्हणजे ज्यांना शस्त्र लावू नये अशा. त्यांत प्रत्येक हातापायातील चार. या नेटकेपणामुळे वाचकाची अशी समजूत होते की, ग्रंथकाराच्या मते प्रत्येक देहात शिरांची मांडणी एकसारखीच असते. आठव्या अध्यायात मात्र स्वर पालटतो. तेथे ग्रंथकार स्पष्ट सांगतो की, शिरांच्या बाबतीत पूर्ण निष्णात असा कोणीच नसतो. त्या स्वभावतःच अस्थिर असतात आणि माशांप्रमाणे वळतात, म्हणून वेध यत्नपूर्वक करावा. ज्याने शिरांची सातशे ही संख्या सांगितली त्यानेच हेही सांगावे, यात विसंगती दिसेल. पण ती पोथीतील गणना आणि हाताचा अनुभव यांच्यामधील विसंगती आहे. मालवणच्या किनाऱ्यावर हातातून निसटणारा मासा ज्याने पाहिला आहे त्याला ही उपमा केवळ अलंकारिक वाटणार नाही. त्वचेखाली सुईच्या टोकापासून बाजूला सरणारी शीर आजच्या प्रयोगशाळेतही रोज भेटते.

आठव्या अध्यायाचे खरे मोल त्यातील कृतीच्या तपशिलात आहे. हाताची शीर वेधावयाची असता रुग्णाला आरामात बसवावे, अंगठे आत घेऊन मुठी वळावयास लावाव्या आणि वेधस्थानाच्या वर चार अंगुळांवर वस्त्राचा किंवा तत्सम बंध बांधावा, असा विधी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली रक्त काढण्याविषयी जी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तिच्यातही दंडाचा पट्टा सुईच्या जागेच्या वर चार ते पाच बोटांवर बांधावा असे सांगितले आहे. या साम्याने हुरळून जाण्याचे कारण नाही. बंध फार जवळ बांधला तर हाताला काम करावयास जागा उरत नाही, फार दूर बांधला तर शीर पुरेशी फुगत नाही. ज्याने ज्याने हे काम केले त्याचा हात त्याच अंतरावर येऊन थांबला असावा. तथापि दोन सहस्रकांच्या अंतराने दोन ग्रंथांनी बोटांनीच माप सांगावे, ही गोष्ट मौजेची खरी.

याच अध्यायात सदोष वेधाचे वीस प्रकार नावानिशी दिले आहेत. ही यादी म्हणजे एक प्रकारची चुकांची नोंदवहीच होय. शीर वर उठण्यापूर्वीच शस्त्र लावले तर ती अनुत्थितविद्धा. आडवे शस्त्र लागले तर तिर्यग्विद्धा. मर्यादेबाहेर खोल गेले तर अतिविद्धा. शस्त्र लागूनही रक्त न आले तर अप्रस्रुता. एकाच जागी वारंवार टोचले तर पुनःपुनर्विद्धा. आणि शीर सोडून मांस, स्नायू, अस्थी, संधी किंवा मर्म यांवर शस्त्र गेले तर तो शेवटचा व सर्वांत वाईट प्रकार. शिरारचनेतील व्यक्तिगत भेदांचा येथे शब्दाने उल्लेख नाही. पण असे वीस प्रकार वेगळे करण्याइतका अनुभव ज्या संप्रदायाने जमविला, त्याने निरनिराळ्या माणसांच्या हातांत निरनिराळी मांडणी पाहिली नसेल असे म्हणणे कठीण आहे. त्या संप्रदायाने भेदांचे वर्णन केले नाही. भेदांमुळे होणाऱ्या अपघातांचे केले. पुढे वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील सत्ताविसावा अध्याय याच विषयाला दिला, आणि महाराष्ट्रातील वैद्यांच्या नित्य पठनात वाग्भटच अधिक असल्यामुळे शिरावेधाचे ज्ञान बहुधा त्याच्याच द्वारे खेड्यापाड्यांपर्यंत गेले.

दुसऱ्या परंपरेची खूण मराठी भाषेतच राहिली आहे. शीर तोडून रक्त काढणे या अर्थाचा 'फस्त' हा जुना मराठी शब्द अरबी 'फस्द' पासून आलेला आहे. इब्न सीनाच्या 'कानून' या ग्रंथात बाहूच्या शिरांना वेगवेगळी नावे आहेत : बाहेरच्या बाजूची ती किफाल, मधली ती अकहल, आतल्या बाजूची ती बासलीक, आणि हाताच्या पाठीवर करंगळी व अनामिका यांच्यामधली ती उसैलिम. युरोपीय शारीरशास्त्रातील सेफॅलिक व बॅसिलिक ही आजची नावे याच मार्गाने लॅटिनमध्ये गेली. बासलीकच्या वेधाविषयी हकीम फार सावध असत. तिच्या खाली नाडी उडणारी वाहिनी आहे हे त्यांस ठाऊक होते. अहमदनगरहून विजापुरास गेलेल्या फरिश्त्याने इतिहासाबरोबर वैद्यकावरही ग्रंथ लिहिला आणि त्यात भारतीय वैद्यकाचा आधार घेतला, यावरून दख्खनमध्ये या दोन परंपरा एकमेकींना अगदीच अपरिचित नव्हत्या हे उघड आहे.

त्यांच्यातील एक साम्य मात्र विशेष विचार करण्यासारखे आहे. प्लीहेच्या विकारात डाव्या बाहूतील कोपराच्या आतील शीर, किंवा त्याच हाताच्या करंगळी व अनामिका यांच्यामधील शीर वेधावी, आणि यकृताच्या विकारात उजव्या हाताची, असे सुश्रुत सांगतो. प्लीहेसाठी डाव्या हाताच्या त्याच दोन बोटांमधली शीर गॅलेनच्या ग्रीक वैद्यकातही आहे व तेथून ती अरबी ग्रंथांत आली. देवाणघेवाण झाली की दोन्हीकडे स्वतंत्रपणे ही कल्पना उपजली, हा वाद येथे बाजूस ठेवला तरी चालेल. शारीरदृष्ट्या त्या शिरेचा प्लीहेशी कोणताही खास संबंध नाही, आणि तरीही ती निवडली गेली. तिचा एक गुण निर्विवाद आहे : हाताच्या पाठीवर ती बहुतेकांना डोळ्यांनी दिसते आणि तिच्या खाली मोठी रोहिणी नाही. उपपत्ती चुकीची असली तरी निवडलेली जागा निरुपद्रवी होती.

गोव्याकडे वळले म्हणजे चित्र निराळे दिसते. १६०८ च्या सुमारास गोव्याच्या राजकीय इस्पितळात रुग्ण म्हणून राहिलेल्या पिरार द लावाल या फ्रेंच प्रवाशाने तेथील व्यवस्थेची मुक्तकंठाने स्तुती केली आहे. वैद्य, शस्त्रवैद्य, न्हावी आणि केवळ रक्त काढण्याचेच काम करणारे लोक तेथे नेमलेले असून ते प्रत्येक रुग्णाला दिवसातून दोनदा भेटत, असे तो सांगतो. त्याच शतकाच्या मध्यास गोवे पाहणाऱ्या ताव्हेर्नियेला मात्र इस्पितळाची रया गेलेली आढळली. वारंवार रक्त काढण्याची नवी पद्धत तेथे रूढ झाली असून, दूषित रक्त येत राहील तोवर तीस-चाळीस वेळाही शीर तोडतात, असे त्याने नमूद केले आहे. सुरतेस त्याच्या स्वतःवरही हाच प्रयोग झाला होता. रक्त गेल्याने निस्तेज झालेल्या रुग्णास पुन्हा रंग यावा म्हणून बारा दिवस गोमूत्र पाजीत, हा त्याचा उल्लेख तर कोकणी वैद्यकाने फिरंगी इस्पितळात केलेल्या शिरकावाचा पुरावाच होय. तीस-चाळीस वेध एका माणसाच्या दोन बाहूंत कोठे करीत असतील, याचा विचार केला तर सुश्रुताची पुनःपुनर्विद्धा ही संज्ञा आठवल्यावाचून राहत नाही.

गोव्यातील शस्त्रवैद्य ज्या युरोपातून आले तेथे याच काळात बाहूच्या शिरेवरून मोठा वाद माजला होता, आणि त्याचे एक टोक खुद्द पोर्तुगालमध्ये होते. छातीच्या एका बाजूस दाह असता रक्त त्याच बाजूच्या हातातून काढावे की विरुद्ध बाजूच्या, हा तो प्रश्न. पॅरिसचा प्येर ब्रिसो हा त्याच बाजूच्या वेधाचा पुरस्कर्ता होता. तो पुढे पोर्तुगालात गेला, तेथे एव्होरा येथे राजवैद्याशी त्याचा खटका उडाला, आणि १५२२ मध्ये तो वारल्यावर तीन वर्षांनी त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. वादाचा आधार अजूनही जुने ग्रंथच होते. १५३९ मध्ये व्हेसेलियसने या विषयावर जे पत्र छापले त्यात त्याने छातीतील एका अयुग्म शिरेची उघड्या देहात दिसणारी जागा दाखवून उजव्या हाताच्या बाजूने निर्णय दिला. त्याचा वैद्यकीय निष्कर्ष आज कोणी मानणार नाही. परंतु ग्रंथाऐवजी देहाला साक्षीस बोलावण्याची त्याची रीत टिकली. १६०३ मध्ये फॅब्रिसियसने शिरांतील झडपांचे वर्णन केले, आणि त्याचा शिष्य हार्वे याने १६२८ मध्ये, शीर तोडण्यापूर्वी दंडाला बांधतात तसाच बंध बांधलेल्या बाहूची चित्रे छापून रक्त एकाच दिशेने वाहते हे सिद्ध केले. न्हाव्यांच्या रोजच्या कामातील एक चिंधी अशा रीतीने शरीरक्रियाशास्त्राच्या मुळाशी जाऊन बसली.

न्हाव्यांच्या चुकांनी दिलेले ज्ञान याहून कटू आहे. कोपराच्या खळग्यातील आतल्या शिरेखाली बाहूची मुख्य रोहिणी आणि तिच्याजवळ मोठा मज्जातंतू असतो; शीर आणि रोहिणी यांच्यामध्ये द्विशिरस्क स्नायूच्या कंडरेपासून निघालेला एक पातळ पडदा असतो. या पडद्याने असंख्य रुग्णांस वाचविले, म्हणून जुन्या शस्त्रवैद्यांनी त्यास ईश्वरकृपेचे नाव दिले. कृपा नेहमीच पुरी पडत नसे. १७५७ मध्ये विल्यम हंटरने रक्त काढल्यानंतर कोपरापाशी उद्भवलेल्या एका विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. पाते शिरेच्या आरपार जाऊन खालच्या रोहिणीत शिरले होते, दोन्ही जखमा एकमेकींस जुळून भरल्या होत्या, आणि रोहिणीचे रक्त सरळ शिरेत उसळत असल्यामुळे शीर फुगून तिच्यावर हात ठेवताच थरथर जाणवत होती.

शिरारचनेतील भेदांची पद्धतशीर मोजदाद व्हावयास विसावे शतक उजाडावे लागले. बेरी आणि न्यूटन यांनी १९०८ मध्ये तीनशे जिवंत माणसांच्या हातांवरील वरवरच्या शिरांचा अभ्यास प्रसिद्ध केला, १९३२ मध्ये चार्ल्स याने अमेरिकेतील गोऱ्या व कृष्णवर्णीय पुरुषांच्या कोपरांची तुलना केली, आणि पुढे अनेक देशांतून असे अभ्यास आले. वंशभेद शोधण्याच्या हेतूने निघालेल्या या शोधांतून वंशाविषयी फारसे निष्पन्न झाले नाही. माणसामाणसांतील भेद मात्र ठसठशीतपणे पुढे आले. अंगठ्याच्या बाजूने सेफॅलिक व करंगळीच्या बाजूने बॅसिलिक शीर वर जाते, हे सामान्यतः खरे. त्यांना कोपरापाशी जोडणारी मधली शीर काहींत तिरकी असते. काहींत हातावरून वर आलेली एक मध्यशीर दुभंगून दोहोंस मिळते व इंग्रजी एम् अक्षरासारखी आकृती होते. काहींत जोडणी नसतेच. काहींत सेफॅलिक शीर कोपरावर इतकी बारीक होते की तिचे बहुतेक रक्त आतल्या बाजूस वळते. एकाच माणसाचे उजवे व डावे कोपर पुष्कळदा जुळत नाही. थोड्या लोकांत रोहिणीचाच मार्ग वेगळा असतो : करंगळीच्या बाजूची रोहिणी दंडातच फुटून त्या ईश्वरकृपेच्या पडद्यावरून, केवळ त्वचेखालून, शिरेच्या शेजारी उतरते. अशा हातात शीर समजून औषध टोचले गेल्यास बोटे गमावण्याची पाळी येते; शिरेतून द्यावयाची भूल प्रचारात आल्यानंतर असे अपघात नोंदले गेले. म्हणून सुईपूर्वी बोट ठेवून तेथे ठोके तर लागत नाहीत ना, हे पाहणे आवश्यक ठरते.

याच अभ्यासांमुळे मधली शीर का पसंत करावी याचे कारणही कळले. तिच्यापासून एक फांदी खोल शिरांकडे जाते व तिला जागच्या जागी धरून ठेवते. सुश्रुताच्या माशांपैकी जणू हा एकच मासा गळास अडकलेला. बाहेरच्या व आतल्या शिरांजवळून त्वचेचे मज्जातंतू जातात, त्यांना सुई लागल्यास महिनोन्महिने टिकणारी वेदना होऊ शकते. आणि आतली शीर, खालील रोहिणीमुळे, सर्वांत शेवटी विचारात घ्यावी असा दंडक पडला आहे.

दरम्यान रक्त काढण्याचा हेतूच बदलला होता. १८३५ मध्ये पॅरिसच्या लुई याने आकडेवारीने दाखवून दिले की, फुप्फुसदाहात रक्तमोक्षणाचा अपेक्षेइतका उपयोग होत नाही. हळूहळू पाते मागे पडले. १८९६ मधील विडालची व १९०६ मधील वासरमानची परीक्षा रूढ झाल्यावर सुई पुढे आली. आता रक्त काढावयाचे ते टाकण्यासाठी नव्हे, तर तपासण्यासाठी. मुंबईत १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी यांनी 'बॉम्बे' या नावाने जगभर ओळखला जाणारा दुर्मिळ रक्तगट उजेडात आणला, तो याच नव्या व्यवहाराचे फळ होय. २०१६ साली सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात माकडताप पसरला तेव्हा निदान गावोगावच्या तापकऱ्यांच्या शिरेतून घेतलेल्या काही घनसेंटिमीटर रक्तावरच अवलंबून होते. हिवतापासाठी बोटाला टोचून घेतलेला थेंब पुरतो. येथे शीर सापडणे भाग होते. तापाने पाणी कमी झालेल्या, उन्हातान्हात राबलेल्या हातात ती डोळ्यांना दिसत नाही, बोटांनाच लागते. आणि 'शीर गावली नाय' म्हणून दुसरा हात पुढे करणाऱ्या माणसाचे दोन्ही हात सारखे असतीलच असे नाही.

हंटरने वर्णिलेल्या अपघाताची पुढील हकीकत येथे सांगावयास हवी. १९६६ मध्ये ब्रेशा, चिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांच्या मनगटावर रोहिणी व सेफॅलिक शीर मुद्दाम जोडून दिली. शीर फुगली, तिच्या भिंती जाड झाल्या, आणि डायलिसिसच्या जाड सुया तिच्यात पुनःपुन्हा घालता येऊ लागल्या. अठराव्या शतकातील न्हाव्याच्या चुकीने जे घडे ते आता शस्त्रक्रियेचे साध्य झाले. मात्र ही जोडणी शक्य होण्यास मनगटापासून कोपरापर्यंतची सेफॅलिक शीर अखंड व पुरेशी रुंद असावी लागते. ती तशी आहे की नाही हे शस्त्रक्रियेपूर्वी ध्वनिलहरींनी पाहतात, कारण ती प्रत्येकात सारखी नसते. जिच्यात आधीच वर्षानुवर्षे सुया व सलाईनच्या नळ्या घातल्या गेल्या आहेत अशी शीर आतून बुजलेली निघते. त्यामुळे वालावलसारख्या गावातून तपासणीस आलेल्या मूत्रपिंडविकाराच्या रुग्णाचे रक्त हाताच्या पाठीवरील शिरेतून घ्यावे, आणि मनगटापासून कोपरापर्यंतची बाहेरची शीर राखून ठेवावी, असा आजचा नियम आहे. करंगळी आणि अनामिका यांच्यामधील जी शीर सुश्रुताने प्लीहेसाठी सांगितली ती हाताच्या पाठीवरच्या याच जाळ्यातली.